टपावरची बोटं

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, मोटार मेकॅनिक आहेत. गिऱ्हाइकं त्यांना डॉक्टर म्हणत, कारण गाडीचं दुखणं ते नुसत्या कानाने ओळखायचे. या लौकिकाचा त्यांना भारी तोरा होता. घराला लागून असलेल्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत ते मधोमध उभे राहायचे, डोळे बारीक करून. ताई गिऱ्हाइकाची गाडी त्यांच्याभोवती गोल फिरवायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिडकीतून बाहेर काढून टपावर ठेवलेला. "निघाली महाराणींची स्वारी," म्हणून मी तिला चिडवायचे. दोन-तीन फेऱ्या झाल्या की भाऊजी गाडी थांबवायचे आणि सांगायचे, "उजवं चाक. बाहेरचा सांधा गेलाय." उघडून बघितलं की तेच निघायचं.

दोन महिन्यांपूर्वी ताई गेली. भरदुपारी स्वयंपाकघरात कोसळली. तिच्या हाका ऐकून शेजारीण मागच्या दाराने धावत आली, तोवर उशीर झाला होता. भाऊजी तेव्हा स्पेअर पार्ट आणायला बाजारात गेले होते. आठवडाभर तिला दम लागत होता, हे ठाऊक असून तिला एकटीला टाकून गेले. मी त्यांना चार माणसांत सुनावलं, "एक दिवस गिऱ्हाइकाची गाडी पडून राहिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"  तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मग माझीच गाडी आवाज करायला लागली. सरळ चालताना गप्प, डावीकडे वळवली की कट-कट-कट. ही गाडी ताईने मला चार ठिकाणी हिंडून निवडून दिलेली. तिला परक्याने हात लावावा हे काही मनाला पटेना. शेवटी स्वतःवरच चडफडत भाऊजींच्या गॅरेजवर गेले.

शटर अर्धंच वर होतं. पाने आकाराप्रमाणे भिंतीवर टांगलेले, ताईने लावले होते तसेच, आता धूळ खात. भाऊजींची दाढी वाढलेली.

"डावीकडे वळताना वाजते," मी एवढंच म्हटलं.

"चल, फिरव."

मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळूहळू गोल फिरवू लागले. आवाज इतका खणखणीत, की कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण वळून बघायला लागली. भाऊजी मात्र चाकाकडे बघतच नव्हते. ते गाडीच्या टपाकडे बघत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी हात वर केला.

"काही नाही गं. टायरमध्ये खडा अडकला असेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "भाऊजी, राग माझ्यावर काढा, गाडीवर कशाला काढता? शेजारणीला ऐकू आलं आणि तुम्हाला नाही आलं?"

"नाही आलं," ते म्हणाले.

जुन्या टायरच्या ढिगावर ते मटकन बसले. सांगू लागले ते जमिनीकडे बघूनच. अकरा वर्षांपासून त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाही. जवळचं बोलणं कळतं, निम्मं ओठांवरून. कट-कट, किणकिण, सगळं बंद. लोकांना कळलं तर धंदा बसेल आणि चारचौघांत हसं होईल, म्हणून ताईनेच ही युक्ती काढली. आवाज ती ऐकायची आणि टपावर बोटं ठेवायची. एक बोट म्हणजे डावं चाक, दोन म्हणजे उजवं. मूठ म्हणजे सगळं ठीक.

मला एकेक आठवायला लागलं. ताईला तेच वाक्य दोनदा बोलायची खोड होती. "किती वेळा तेच ते!" म्हणून मी तिच्यावर खेकसायचे. ती नुसती हसायची.

"आणि मी बाजारात गेलो नव्हतो," भाऊजी म्हणाले.

"मग कुठे होतात?" मी विचारलं.

"इथंच होतो. या टेबलापाशी." टेबलाच्या वर स्वयंपाकघराची खिडकी आहे, उघडीच असते. "शेजारीण म्हणते, तुझ्या ताईने तीनदा हाक मारली. मी ब्रेक साफ करत होतो. खिडकीकडे पाठ करून."

"मग खोटं का सांगितलंत?"

"सगळे म्हणाले असते, डॉक्टर दहा पावलांवर होता आणि ऐकलं नाही?" त्यांचा आवाज फाटला. "तिने अकरा वर्षं झाकलं गं. ती जाते न जाते तोच मी ते कसं उघडं करू?"

मला रडू कोसळलं. त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

थोड्या वेळाने ते उठले आणि जॅक लावून उजवं चाक काढलं. डावीकडे वळताना सगळा भार उजवीकडे येतो, म्हणून आधी तेच. आता ते डोळ्यांनी आणि बोटांनीच शोधत होते. सांध्यावरचं रबरी आवरण फाटलं होतं, ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलं होतं, आत वाळू शिरलेली. त्यांनी चाकाला फिरवणारा दांडा, एक्सल, ओढून काढला, नवा सांधा बसवला, ग्रीस भरलं, नव्या आवरणाच्या पट्ट्या आवळल्या. दोन तास लागले. 

"फिरवून बघ," ते म्हणाले आणि जाऊन मधोमध उभे राहिले.

आवाज पार गेला होता. पण पहिल्या फेरीत मी दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. तीन हाका माझ्या कानांत घुमत होत्या, ज्या मीही ऐकल्या नव्हत्या. दुसऱ्या फेरीतही ते तसेच उभे होते, डोळे बारीक करून, टपाकडे बघत.

तिसऱ्या फेरीला मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि टपावर मूठ ठेवली.

भाऊजींनी मान हलवली, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी गाडी थांबवली नाही, तशीच त्यांच्याभोवती फिरवत राहिले.