प्रलंबित पाळणा

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत वाल्मीकरावांइतका निरुपद्रवी श्रीमंत दुसरा नाही. त्यांच्याकडे चाळीसेक हजार गाणी आहेत. भीमगीतं, कव्वाल्या, गझला, शिवाय वर्ध्याकडच्या झाडून साऱ्या भजनी मंडळांच्या कॅसेटी. निवृत्तीनंतर त्यांनी ही सगळी इस्टेट कॉम्प्युटरात उतरवली, आणि तिथेच घोळ झाला. उभा जन्म सरकारी फायली लावण्यात गेलेला. गायक, सिनेमा असली फुटकळ वर्गवारी त्यांना पटेना. त्यांनी फोल्डर केले ते 'आवक', 'विविध', 'तातडीचे' आणि 'पुनर्विचारार्थ'. आतल्या गाण्यांना नुसते क्रमांक.

हे सगळं खपून गेलं असतं, पण त्यांच्या लेकीच्या, उन्नतीच्या मुलीचं नामकरण रविवारी ठरलं. वाल्मीकरावांच्या पत्नी कौसल्याबाईंनी लेकीला शब्द दिला होता, की पाळणा वाजेल तो तुझ्या आजीचाच. उन्नती झाली तेव्हा कौसल्याबाईंच्या आई हौसाबाई वर्ध्याहून सरकारी क्वार्टरमध्ये आल्या होत्या. तेव्हा त्यांनी स्वतःच रचून म्हटलेला पाळणा वाल्मीकरावांनी टेप करून ठेवला होता. आता हौसाबाई नाहीत, आणि कौसल्याबाईंना पहिल्या ओळीपुढचं काही आठवत नव्हतं.

वाल्मीकराव शोधायला बसले. खरं तर ऐकायलाच बसले. एखादी विसरलेली कव्वाली लागली की डोळे मिटून मांडीवर ताल. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून, कारण मधला एक आलाप नीट ऐकायचा राहिला. मी चहाला गेलो तर मलाही बसवून घेतलं. दोन दिवसांत 'आवक'सुद्धा संपलं नाही, पण माणूस दहा वर्षांनी तरुण दिसू लागला.

शनिवारी कौसल्याबाईंचा धीर सुटला.

"अहो, शोधताय की मैफल भरवलीय?"

वाल्मीकरावांनी पद्धतशीर काम सुरू असल्याचं नम्रपणे सांगितलं. कौसल्याबाई पदराला हात पुसत शेजारी बसल्या. नवरा कसा चालतो हे त्यांना कॉम्प्युटरपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"आई म्हणत होती तेव्हा मध्येच कुकर झाला होता. ती थांबली होती. मध्येच थांबलेलं काम तुम्ही ऑफिसात कुठे टाकायचा?"

"प्रलंबितमध्ये," वाल्मीकराव म्हणाले आणि स्वतःच चपापले. हा फोल्डर उघडल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. त्यात एकुलतं एक गाणं होतं.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा फुलांनी सजला. बुद्धवंदना झाली, कौसल्याबाईंनी पाळण्याची दोरी धरली आणि स्पीकरमधून हौसाबाईंचा खणखणीत आवाज आला. दुसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली. लगोलग हौसाबाई म्हणाल्या, "कौसल्ये, गॅस बंद कर."

कौसल्याबाई दोरी सोडून ताडकन उठल्या आणि दाराकडे निघाल्यासुद्धा. उन्नतीने पदर धरून त्यांना मागे खेचलं.

"आई, यार, तो कुकर माझ्या वेळचा आहे."

सगळा हॉल हसला. वाल्मीकराव मागे स्पीकरजवळ उभे राहून चष्मा पुसू लागले. टेपमध्ये हौसाबाई स्वतःशीच म्हणाल्या, "हं, कुठवर आले होते मी?"

कौसल्याबाईंनी दोरी पुन्हा हातात घेतली आणि आईच्या आधी पुढची ओळ उचलली.