लॉट आणि वाटा

लॉट हा शब्द आमच्या घरात इंग्रजी म्हणून आलाच नाही. वडील आणि काका वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. कालचा लॉट भिजका होता, आजचा बरा आहे, एवढाच त्याचा अर्थ. नव्वद साली, मी अकरावीत असताना, जाडजूड शब्दकोश हाती आला, तेव्हा कळलं की लॉट म्हणजे मुळात लाकडाचा तुकडा. वाटणी करताना प्रत्येकाच्या खुणेचा तुकडा भांड्यात टाकायचा आणि न बघता काढायचा. पुढे वाट्याला आलेली वस्तू लॉट झाली, जमिनीचा तुकडा लॉट झाला, शेवटी नशीबही. मला नवल वाटलं नाही. आम्ही साताऱ्याकडचे, आम्हाला हे इंग्रजांनी शिकवायला नको होतं.

सानपाड्यात आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो, स्टोव्ह मात्र दोन. रविवारी मटण आलं की वडील दोन वाटे लावत. घरातलं एक पोर पाठ करून बसे. वडील एका वाट्यावर हात ठेवून विचारत, "ह्यो कुणाचा?" पोर सांगेल तो निकाल, त्यावर कुरकुर नाही.

त्याच वर्षी घरांची सोडत निघाली. अर्ज दोघा भावांनी भरले होते, नाव फक्त वडिलांचं लागलं. भावाला भाड्यात सोडून आपण मालकीच्या घरात जायचं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी एका बाजूला सोडतीचं पत्र ठेवलं, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोलीची किल्ली.

"कागदावर नाव माझं असू दे. ऱ्हायचं कुनी ते वाट्यानं ठरंल," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "पाठ कर."

आईचा कणीक मळणारा हात थांबला. मला ते घर हवं होतं. अभ्यासाला एक कोपरा आणि बंद करता येईल असं एक दार, एवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

मटणाचा आवाज येत नाही, कागदाचा येतो. माझ्या पाठीमागे तळव्याखाली पत्र कुरकुरलं.

"ह्यो कुणाचा?"

"आमचा," मी म्हणाले.

काकांनी वाद घातला नाही. काकूनं आमची भांडी पोत्यात भरून दिली. वर्षभरात भाडं वाढलं आणि ते दोघं मुलांना घेऊन कायमचे गावी गेले.

मी गावी गेले की काका आजही म्हणतात, "आमच्या नशिबात नव्हतं गं ते घर." मी मान डोलावते.