उपासाचे बटाटे

लग्न होऊन मी सांगलीजवळच्या एका गावात, आमच्यासारख्याच जैन शेतकऱ्याच्या घरी आले, तेव्हा महायुद्ध चालू होतं. शेजारणीचा नवरा पलटणीत. त्याची पत्रं वाचून दाखवायला मी तिच्याकडे गेले आणि मग पत्र नसलं तरी जाऊ लागले. तिला गोष्टींचा भारी नाद. मी वाचनालयातली पुस्तकं मोठ्यानं वाचायची, ती वाकळ शिवत ऐकायची. गुलाबाची कलमं बांधायला तिनंच मला शिकवलं. सोंगट्यांत मात्र सर्रास लबाडी करायची आणि वर मलाच दटावायची! त्या परक्या गावात मला आपलं वाटलेलं ते पहिलं माणूस.

सासूबाईंना हे खपत नव्हतं. "त्यांच्यात मटण शिजतंय," म्हणायच्या. चातुर्मासात शेजारणीनं आम्हा सासूसुनांना जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी बजावलं, "मी बी येते. आपल्या नेमात कुठं चुकली, तर तुझं जाणं बंद."

तिनं काही कमी केलं नव्हतं. अंगणात नवी चूल, कोरी भांडी, पाणी दुहेरी फडक्यानं गाळलेलं. कांदा-लसूण तर घरातच ठेवला नव्हता. दिवस मावळायच्या आत पानं मांडून तिनं वाढलं. बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस.

"आत्याबाई, समदं उपासाचं केलंय," ती कौतुकानं सासूबाईंना म्हणाली. "ह्याच्यापरीस सोवळं काय आसतंय?"

तिच्या उपासाला जे चालतं, तेच कंदमूळ आम्हाला वर्ज्य. सासूबाई उठल्याच. "झालं न्हवं? चल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी हे खाणार न्हाई," मी म्हणाले, "आणि उठणार बी न्हाई. उद्या परत येणार."

त्या एकट्याच गेल्या. शेजारीण रडवेली झाली. "आगं, बटाटा बी न्हाई? मग तुमच्यात खात्यात तरी काय?"

"भाकरी टाक. बिगीबिगी. दिवस मावळला की आमाला खाता येत न्हाई."

तिनं पीठ मळलं. ऊन उसाच्या शेंड्यावर असताना पहिली भाकरी तव्यावरून उतरली. तोंड भाजत आम्ही दोघींनी ती तुपाशी खाल्ली. आपल्या बटाट्यांना तीही शिवली नाही.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रोज दुपारी, पदर सारखा करून, त्यांच्या समोरून पुढच्या दारानं जात राहिले.