चौघींतली एक

"ताटाकडं बघा, माज्या तोंडाकडं नगं." शिरूरच्या मुलींच्या बोर्डिंगात आमटी वाढताना मावशींचं हे ठरलेलं. स्वतःही त्या कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. असं मान खाली घालून वाढणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, आणि माझ्यासारखंच त्याला तुसडं ठरवून मोकळे झाला असाल.

एकोणीसशे साठच्या आसपास मी तिथे नवा ड्रॉइंग मास्तर होतो. ज्ञान नुसतं उतू जात होतं. ऐकायला कुणी सापडेना, तेव्हा फ्रेंच चित्रांचं जाड पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. दोनशे वर्षांपूर्वीच्या कष्टकरी बायका. कुणी धुणं धुतेय, कुणी भाजी सोलतेय.

मावशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "हिच्या हाताला भेगा कुठंयत? धुनं दुसरंच कोन तरी धुतंय."

पुढच्या चित्रात टोपीवाली बाई जेवण वाढतेय, समोर लहानगी हात जोडून प्रार्थना म्हणतेय आणि बाई तिच्याकडे टक लावून बघतेय.

"ही आई न्हाई."

"खाली छापलंय, आई म्हणून."

"छापनाऱ्याला काय ठावं? चार मानसांत आई अशी डोळं भरून बघंल व्हय?"

मी हसलो. "तुम्हाला मूल ना बाळ, मावशी. तुम्हाला काय कळणार?"

त्यांचा तांदळातला हात थांबला. "हाय की. अकरावीच्या चौघींतली एक माजीच हाय. हितं फकस्त ज्यांला कुनी न्हाई त्याच पोरी घेत्यात. मॅट्रिक होस्तवर तोंड उघडू नगा, मास्तर. तिला भाईर काढत्याल."

मी तोंड मिटलं, पण डोळे मिटेनात. चौघींची नाकं, कान, भुवया गुपचूप वहीत काढून पाहिल्या. एकीचं नाक तंतोतंत जुळलं, पण ते सुपरिंटेंडेंट बाईंच्या नाकाशी.

चौघी अकरावीची मॅट्रिक पास झाल्या, नर्सिंगला निघाल्या. दौंड स्टेशनावर पोचवायला मी आणि मावशी. त्यांनी चौघींना सारख्याच दशम्या दिल्या, चौघींना सारखंच "नीट ऱ्हावा" म्हणाल्या. गाडी गेली.

"आता तरी सांगा, कोणती?"

मावशी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिल्या. "तिला तरी कुठं ठावं हाय? दीड म्हयन्याची बोर्डिंगच्या दारात ठिवली व्हती. मागनं मी कामाला लागले."

"मग सांगा की तिला."

"आन् ती इचारंल, येवढी वर्सं माज्याकडं बगितलं का न्हाई. काय सांगू?"

पुढे काही वर्षांनी मावशी गेल्या. चौघी आल्या. माती देऊन झाल्यावर त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "मास्तर, मावशींच्या घरचं कुणी यायचंय का? थांबायचं का?"

"आलंय," मी म्हणालो.

चौघींनी मागे वळून पाहिलं. मीही तिकडेच पाहिलं, चौघींच्या तोंडाकडे नाही.