मेलेल्या हुमणीचा रंग

सूत्रकृमी म्हटलं की आमच्याकडचा शेतकरी नाक मुरडतो. मुळांना गाठी आणणारे हे मातीतले बारीक जंत त्याला ठाऊक. ते मारायला तो औषध आणतो. आणि मी प्राणिशास्त्राची बाई उलटंच सांगत फिरायचे, की यांचेच काही भाऊबंद मुळाला हात लावत नाहीत, जमिनीतल्या किडीच्या अंगात शिरून तिला मारतात, तेव्हा ते मुद्दाम पाण्यातून शेतात सोडा. लोक हसायचे. सोनईजवळचे एक दादा तेवढे हसले नाहीत. त्यांच्या उसाची मुळं हुमणीच्या अळ्या खात होत्या. त्यांनी अर्धा एकर माझ्या प्रयोगाला दिला.

मी तिथे बारा वाफे पाडले. सहांत माझे सूत्रकृमी, सहा तुलनेसाठी कोरे. पहिल्या वर्षी पावसाने ओढ दिली, जमीन तापली आणि हुमणीपर्यंत पोचायच्या आतच माझे बहुतेक जीव मेले. इतक्या वर्षांची प्रयोगशाळेतली मेहनत, आणि हाती चार-दोन मेलेल्या अळ्या. बांधावर बसून मी चक्क रडले. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, चहा आणून दिला.

दुसऱ्या वर्षी मात्र माझ्या वाफ्यांत हुमणी मरून पडली आणि कोऱ्या वाफ्यांत जिवंत राहिली. तिसऱ्या वर्षीही तेच. मी शोधनिबंध लिहिला, लोक मानायला लागले. बेलापूरच्या मेळाव्यात माईकवर छाती ठोकून सांगितलं, की विष टाकायची गरज नाही. तिथल्या काहींनी ऐकलं, औषध बंद करून नुसते सूत्रकृमी सोडले. त्यांचा ऊस पिवळा पडला, ओढला की अलगद हातात यायला लागला. एकाने फोन करून एवढंच विचारलं, "म्याडम, आमचं काय चुकलं?" त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

उत्तर शोधायला मी सोनईला गेले. तुमच्या शेतात वेगळं काय होतं, असं दादांना विचारलं. दादा उसाची वाळली पानं काढायला लागले. वहिनी त्यांना म्हणाल्या,

"आता सांगून टाका की. ताई, तुमी गेल्यावर ह्यांनी तुमच्या वाफ्यांत हुमणीचं दानेदार औषध टाकलं. मागली दोन्ही वर्सं."

"तुमी रडल्या हुत्या," दादा म्हणाले. "एवढ्या लांबून एसटीनं येता. म्हनलं, होऊ द्या ताईंचं चांगलं."

"दादा, तुम्ही केसाने गळा कापलात माझा."

"आसं कसं? तुमचं नाव तर लई झालं."

त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शत्रूने दगा दिला असता तर चार लोकांत त्याचे वाभाडे काढले असते. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. वहिनींनी दिलेला चहा तसाच ठेवून मी निघाले.

घरी येऊन वही काढली. माझ्या सूत्रकृमींनी मारलेली हुमणी विटेसारखी लाल होते, तिला घाण येत नाही. विषाने मेलेली काळी पडून सडते. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. वहीत पहिल्या वर्षीच्या त्या चार-दोन अळ्यांपुढे 'लाल' लिहिलं होतं. पुढच्या दोन्ही वर्षी मेलेल्यांचा आकडा टापटीप भरलेला, आणि शेजारचा रंगाचा रकाना सबंध रिकामा. विसरले म्हणायला जागा नव्हती. त्या अळ्या मी स्वतः चिमट्याने उचलल्या होत्या, आणि नाकाला ओढणी लावली होती, तेही आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या त्या शेतकऱ्याला फोन लावला.

"तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हणाले.

"मंग कुनाचं चुकलं?"

दादांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं.

"माझं," मी म्हणाले. "मेलेल्या हुमण्या काळ्या होत्या. मी पाहिल्या होत्या."