हरणीचं पाऊल

इंद्रपुरीत विनिताला ओळखणारे दोन प्रकारचे लोक होते. एक म्हणायचे, "ती नाचणारी ना?" दुसरे म्हणायचे, "तिशीला आली तरी कॉलेजात जाते, तीच ना?" दोन्ही प्रश्नांत कौतुक कमी आणि खवचटपणा जास्त. विनिता हसून पुढे जायची. खरं कारण सांगायची तिची छाती नव्हती.

खरं कारण तिच्या उजव्या गुडघ्यात होतं. नीळकंठ सरांच्या नृत्यनाटिका मंडळीत ती कितीतरी वर्षं हरणीची भूमिका नाचत होती. त्यावरच तिचं नाव, त्यावरच घर. तीन वर्षांपूर्वी उडीवरून उतरताना गुडघ्यात कळ उठली ती कायमचीच. डॉक्टर म्हणाले, नाच थांबवा, नाहीतर सगळा भार डाव्या पायावर येऊन तोही जाईल. विनिताबाईंनी नाच थांबवला नाही, बी.ए.ला नाव घातलं! गुडघा पुरता निकामी व्हायच्या आत पदवी हातात पडली, की बी.एड. करून कुठल्यातरी शाळेत लागता येईल, असा तिचा बेत. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची. सर दुष्ट नव्हते, पण पाय दुखावलेल्या माणसाला ते मंचावर पाऊल टाकू देत नसत. त्यामुळे रोज तालमीला जाताना तिच्या मनात एकच. आज कळेल का? आज दिसेल का?

आणि शेवटच्या वर्षाचा इतिहासाचा पेपर नेमका रवींद्र भवनातल्या प्रयोगाच्या दिवशी आला.

तिला वाटलं होतं, सर आकाशपाताळ एक करतील. ते एवढंच म्हणाले, "पेपर दे. हरणी शमिकाला शिकव."

मंडळीत भूमिका शिकवायची ती अंगावरून. सर काही लिहून घेऊ देत नसत आणि मोबाइलवर व्हिडिओचं तर नावच काढायचं नाही. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याची सावली व्हायचं, बस. आणि एकदा शिकवलेली भूमिका सहसा परत येत नाही, हे तिथे झाडूवाल्यालाही माहीत होतं. शमिका बाग सेवनिया वस्तीतून स्कूटीवर यायची, नुकतीच मंडळीत आलेली, हुशार पोरगी. "दीदी, तुम्ही बिलकूल टेन्शन घेऊ नका. मी सगळं पकडलंय." विनिताचं टेन्शन त्याने दुप्पट झालं.

परीक्षेत तिने काय लिहिलं ते देव जाणे. पेन कागदावर आणि जीव रवींद्र भवनात टांगलेला. पोरगी चुकली तर आपलं नाव बद्दू, आणि चांगली नाचली तर आपली गरज संपली! दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याची हीच गत होते, असं आई ऐकवायची. पेपर देऊन ती धावतपळत रिक्षाने पोचली तेव्हा प्रयोग रंगला होता. शेवटच्या रांगेमागे सर उभे होते. ती गुपचूप त्यांच्या शेजारी जाऊन थांबली.

आपली हरणी ती पहिल्यांदाच समोरून बघत होती. शमिका सुरेख नाचत होती, अगदी मत्सर वाटावा इतकी. मग ती उडी आली.

शमिका डाव्या पायावर उतरली. उजवा पाय तिने क्षणभर अधांतरी ठेवला, अलगद ओढून घेतला आणि कपाळाला बारीकशी आठी घातली. पुढच्या उडीला तेच. त्याच्या पुढच्या उडीलाही तेच. सरांनी बसवलेल्या नाचात हे नव्हतंच. हे विनिताचं स्वतःचं लंगडणं होतं, जसंच्या तसं, धडधाकट गुडघ्याच्या पोरीने मन लावून उचललेलं.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सर हळूच म्हणाले, "हे थबकणं बघ. आता हरणी कोणीही केली तरी हे ठेवायचं."

कोणाला काही कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. विनिताने सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता, पण तिची नजर शमिकाच्या डाव्या पायावरून हलेना.

प्रयोगानंतर ती आत रंगपटात गेली तर शमिका बाकावर बसून डावी मांडी दाबत होती. "दीदी, आली तुम्ही? कशी झाली? हा पाय जाम दुखतोय यार. सवय होईल ना हळूहळू?"

हो म्हणणं किती सोपं होतं. विनिताने तोंड उघडलंसुद्धा. मागे सर येऊन उभे राहिले होते.

"नाही होणार," ती म्हणाली. मग वळून सरांना म्हणाली, "सर, ते पाऊल हरणीचं नाही. तो माझा गुडघा आहे. तीन वर्षं झाली. हिला ते करू देऊ नका, हिचा पाय जाईल."

शमिकाचा हात मांडीवर तसाच राहिला. सर बराच वेळ विनिताच्या पायांकडे बघत होते. आता ते घरी जा म्हणतील, हे धरून ती उभी होती.

"म्हणून कॉलेज," सर म्हणाले.

तिने मान डोलावली.

"पेपर आधी नीट दे. आणखी किती बाकी आहेत?"

"दोन," विनिता म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.