डाव्या बुटातला कापूस

मुलगा झाला तेव्हा त्याचा डावा पाय आत वळलेला होता. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे तोंड करून. बदलापूर गावातल्या आमच्या आळीने कारण लगेच शोधून काढलं: सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि मी विळीवर बसून दुधी चिरला होता. चिरला होता, खोटं कशाला बोलू? भूक लागली होती.

सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

उल्हासनगरच्या हाडांच्या डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी विचारलं, "दुधीमुळे झालं का?" ते हसले नाहीत. म्हणाले, ग्रहणाचा काही संबंध नाही. नक्की कारण बऱ्याचदा कळत नाही, पण कधीकधी घराण्यात असतं. "तुमच्याकडे कुणाला होतं?" नवरा म्हणाला, नाही. मग दर आठवड्याला पाय थोडा थोडा सरळ करून नवं प्लास्टर. मुलगा रडायचा, त्याच्यासोबत मीही. डॉक्टरांचं पटत होतं, तरी रिक्षात घरी येताना दुधी आठवायचा.

मला मेली चौकशीची खोड. जिथे जाईन तिथे लोकांचे पाय बघत बसायचे. कुणाचा अंगठा बाजूला कललेला, कुणाचा तळवा इतका सपाट की ओल्या फरशीवर अख्खं पाऊल उमटायचं. घरातले पाय मात्र शेवटी बघितले. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात जाताना डाव्या बुटात कापूस कोंबायचा. मला वाटायचं, कंपनीचे बूटच तसले. एका रविवारी तो पाय पसरून पेपर वाचत होता, मी शिवणाची टेप लावली. डावं पाऊल बोटभर लहान. पोटरीही बारीक.

सासूबाई मागच्या दारी मासे साफ करत होत्या. "आई, यांचा पाय?" म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"त्याचापन असाच होता. तेल चोळून, कामट्या बांधून सरळ केला. त्याला ठावं नाय."

माझं डोकंच फिरलं. "आणि मला तीन महिने दुधीवरून बोलणी खाऊ दिलीत?"

"तेव्हा मला बोलत होते सगले. परत तेच निघालं असतं."

मी रागाने आत निघून गेले. पण राहवेना, परत येऊन विचारलंच, "तुम्ही ग्रहणात काय चिरलं होतं?"

"काय नाय," त्या म्हणाल्या. "झोपून होते. कूसपन बदलली नाय."